कुरुममास्तरांची कामाची बाजू

आमच्या भावोजींना बिस्किट खाताना कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. एकतीस वर्षं ते बिस्किटांच्या कारखान्यात रोज साठ-सत्तर बिस्किटं चावतायत, आणि पोटात एकही गेलेलं नव्हतं. चावायचं, ओळखायचं, कागदावर एक शब्द लिहायचा, तोंडातला चुरा शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची, की पुढचं बिस्किट. गोडी, लोणी, मीठ, वास पाहणारी आणखी चार माणसं त्या खोलीत बसतात. भावोजींकडे एकच काम, बिस्किट दाढेखाली कसं मोडतं ते सांगायचं. त्यांचं खरं नाव आता हजेरीपुस्तकातच उरलंय. बाकी सगळ्यांचे ते कुरुममास्तर.

मी त्यांची धाकटी मेहुणी. त्याच विभागात कारकून आहे, आणि ताईच्याच घरात वरच्या खोलीत राहते. म्हणजे दिवसभर भावोजींचे कागद माझ्या टेबलावर आणि संध्याकाळी भावोजी माझ्या समोर. त्यांच्याबद्दल बोलायचा माझ्याइतका हक्क कोणालाच नाही, ताईलासुद्धा नाही. ती त्यांना फक्त घरी पाहते.

कारखान्याला कागदावर आकडा हवा असतो, एक ते दहा. भावोजींनी आकडा कधी लिहिला नाही. ते लिहितात कडक, कुरकुरीत, खुसखुशीत, ठिसूळ, वातड, मऊ, सादळलेलं. एवढे सात शब्द. त्या शब्दांचे आकडे करून पुढे पाठवणं माझं काम. एकदा वैतागून म्हटलं, "भावोजी, सरळ आकडाच लिहा ना, माझा वेळ वाचेल." तर म्हणाले, "तू एकदा ‘सात’ चावून बघ, मग सांग." तेव्हापासून मी मुकाट्याने आकडे करते.

या कामातल्या प्रत्येकाच्या तोंडात एक कामाची बाजू असते आणि एक घरची. भावोजींची कामाची बाजू उजवी. खालची उजवीकडची मोठी दाढ म्हणजे त्यांची नोकरी. जेवण, फळं, शेंगदाणे, काय असेल ते सगळं डावीकडून. उजव्या बाजूला घरचा घास लागूच द्यायचा नाही, तिची पारख बिघडते, असं त्यांचं ठाम मत. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ताईला वाटलं, या माणसाची दाढ दुखतेय आणि बिचारा संकोचाने सांगत नाहीये. तिने लवंगा काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या होत्या.

आणि एक गोष्ट त्यांना अजिबात खपायची नाही, चहात बिस्किट बुडवणं. समोर कोणी बुडवलं की ते आपला कप उचलून खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. "एवढं जीव तोडून भाजायचं आणि शेवटी चिखल करून खायचा," असं बाहेर बघत म्हणायचे. ताई रोज बुडवायची. ते रोज खिडकीपाशी जायचे. संसार व्यवस्थित चालला होता.

खरं तर हे काम त्यांना दाढेने नव्हे, कानाने मिळवून दिलं. एकोणिसाव्या वर्षी ते कारखान्यात भट्टीचे पत्रे धुवायला लागले. एक दिवस भट्टीचे मुकादम पाठमोरे उभे राहून गरम बिस्किट चावत होते, तेव्हा भावोजी पत्रा घासता घासता म्हणाले, "मध्ये कच्चं राहिलंय." मुकादम वळले. "तू खाल्लंस?" "नाही. तुम्ही खाल्लंत ते ऐकलं." मुकादमांनी बिस्किट मोडून पाहिलं, मध्ये कच्चं. मग त्यांनी पाठ करून आणखी सहा बिस्किटं चावली आणि सहाही वेळा भावोजींनी बरोबर सांगितलं. पुढच्या महिन्यात पत्रे धुवायला दुसरा माणूस आला आणि भावोजी खुर्चीवर बसले. पुढे दाढ इतकी तरबेज झाली की कानाची गरजच उरली नाही. बिस्किट मोडताना दाढेला जो धक्का बसतो, त्यावरूनच ते सगळं ओळखायचे.

ही खुर्ची कोणाला कायमची मिळत नाही. वर्षातून एकदा परीक्षा असते. दहा बशा, प्रत्येकीतलं बिस्किट कमी-जास्त दमट हवेत ठेवून वेगवेगळं मुरवलेलं. कोणतं कसं आहे ते सांगायचं, दहापैकी नऊ बरोबर हवेत. नाही आले तर खुर्ची सोडून तारखेच्या खोलीत जायचं, पुड्यांवर तारीख नीट उमटलीय का ते बघायला. भावोजींचे दरवर्षी दहाच्या दहा. दोनदा नऊ पडले, त्या दोन वर्षांची कारणं ते अजून सांगतात. एकदा सर्दी होती आणि एकदा मी आदल्या दिवशी त्यांच्याशी भांडले होते.

गेल्या वर्षीची परीक्षा होऊन तीन आठवडे झाले आणि ती दाढ गेली. कडक बिस्किटाने गेली नाही, मऊ भाताने गेली. पहिला घास गरम लागून डावीकडे जीभ पोळली, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा भावोजींनी घरचा घास उजवीकडे नेला, आणि नेमका त्याच घासात खडा होता. तांदूळ मी निवडले होते. त्यांनी एका शब्दाने मला बोल लावला नाही, याचाच मला जास्त त्रास झाला. आजही तांदूळ निवडायला बसले की मी चष्मा दोनदा पुसते.

दाढ उभी चिरली होती, पार मुळापर्यंत. दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण, आवाज शांत, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणाऱ्या. त्यांनी दाढ काढली आणि पुढचं समजावलं. शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधाराने मध्ये दात बसवता येतो, किंवा इम्प्लांट करता येतं. म्हणजे जबड्याच्या हाडात छोटासा स्क्रू बसवायचा, हाडाला तो तीन महिने घट्ट धरू द्यायचा, आणि मग त्यावर नवा दात.

"शेजाऱ्यांना कशाला घासायचं, त्यांचा काय दोष?" भावोजी म्हणाले आणि इम्प्लांट ठरलं. जखम भरायला दोन महिने दिले आणि मग स्क्रू बसला. त्या दिवशी ताई बरोबर गेली होती. तिच्या तोंडून ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"काका, आता तीन महिने त्या बाजूने काही कडक खायचं नाही."

"त्या बाजूने मी खातच नाही."

"अरे वा. म्हणजे सवय आहेच."

"एकतीस वर्षांची."

डॉक्टरीणबाई खूश, भावोजी खूश. ताई शेजारी बसली होती, तिलाही काही खटकलं नाही. मी तिथे असते तर थांबवलं असतं, असं म्हणायला काय जातं. पण खरं सांगायचं तर मलाही खटकलं नसतं. आमच्या विभागात बिस्किट कोणी खातच नाही. खाणं म्हणजे गिळणं, आणि गिळताना सापडलं तर लेखी समज मिळते. चावण्याला आम्ही काम म्हणतो.

नवव्या दिवशी भावोजी खुर्चीवर हजर. विभागाच्या साहेबांनी विचारलं, "मास्तर, डॉक्टर काय म्हणाल्या?" "पथ्य जेवणाचं आहे," भावोजी म्हणाले, "कामाबद्दल काही बोलल्या नाहीत." जागा रिकामी असली तरी आजूबाजूच्या दाढा होत्या, त्यांच्यावर ते काम भागवत राहिले. सत्तरऐवजी वीस बिस्किटं, हा त्यांच्या लेखी आराम होता. घरी मात्र पथ्य असं पाळत होते की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. मऊ भात, सूप, केळं. ताईने सफरचंद किसून दिलं तेही डावीकडून.

पाचव्या आठवड्यात स्क्रू जिभेला हलताना जाणवायला लागला. डॉक्टरीणबाईंनी आरशाने पाहिलं, दोन बोटांनी पाहिलं, आणि विचारलं, "काका, काय खात होता?"

"मऊ भात. सूप. केळं."

"मग हे कशाने झालं?"

ताईच्या डोक्यात प्रकाश तिथे पडला. "अहो, कारखान्यात काय करत होतात?"

"ते खाणं नव्हे," भावोजी म्हणाले. ताई नुसती बघत राहिली. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "रोज वीसच. आधी सत्तर होती."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांची मदतनीस मात्र तोंड फिरवून आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

स्क्रू काढावा लागला. हाड भरून यायला तीन महिने, मग नवा स्क्रू, मग पुन्हा तीन महिने. भावोजींनी तिथेच खुर्चीवर बोटं मोजली. सगळं सुरळीत झालं तर परीक्षेआधी जेमतेम सात आठवडे हातात उरत होते. या वेळी डॉक्टरीणबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: खायचं नाही. चावायचं नाही. तोंडात धरून बघायचंही नाही. ताईने तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला आणि त्याची एक प्रत माझ्याकरवी साहेबांकडे पाठवली.

साहेब माणूस वाईट नाहीत, पण नियमाला पक्के. त्यांनी भावोजींना बोलावून स्पष्ट सांगितलं. तोवर तारखेच्या खोलीत बसा. परीक्षा पास झालात तर खुर्ची तुमची. नाही झालात तर तारखेची खोलीच, निवृत्तीपर्यंत. निवृत्तीला पाच वर्षं होती.

तारखेच्या खोलीत बंद पुडे पट्ट्यावरून सरकत येतात, तारीख फिकी असली तर बाजूला काढायचा. भावोजी ते काम चोख करायचे. पण मी कागद घेऊन त्या बाजूने गेले की दिसायचं, एखादा पुडा ते हळूच कानाशी नेऊन हलवून बघतायत. मला पाहिलं की खाली ठेवायचे. घरी आले की कमी बोलायचे. ताईने चहात बिस्किट बुडवलं तरी आता खिडकीपाशी जायचे नाहीत, जागेवरच बसून राहायचे. ते बघून मला कसंतरीच व्हायचं. खिडकीपाशी जाणारे भावोजी परवडले.

दुसरा स्क्रू मात्र हाडाने असा धरला की डॉक्टरीणबाईंनी ठोकून आवाज ऐकला आणि मान डोलावली. नवा दात बसवायच्या दिवशी मीही बरोबर गेले. बाईंनी दात बसवला, निळा कागद दातांमध्ये धरून म्हणाल्या, "काका, चावा बघू." भावोजींनी चावलं. दात कुठे उंच लागतो ते निळ्या डागांवरून त्या बघत होत्या.

"कागदाला काय कळणार," म्हणत भावोजींनी खिशातून पुडा काढला. सकाळीच भट्टीवरून आणलेला. त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत, गळ्यात कागदी फडका बांधलेल्या अवस्थेत, त्यांनी सहा महिन्यांनी कामाच्या बाजूने बिस्किट चावलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी दुसरं चावलं. मग तिसरं, जरा सावकाश. चुरा छातीवर सांडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"दात आहे," ते म्हणाले. "पण आत कोणी नाही."

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून समोर बसल्या. "काका, आपला मूळचा दात थेट हाडात बसलेला नसतो. मध्ये एक पातळशी गादी असते, आणि किती जोर लागतोय ते ती गादी मेंदूला कळवते. इम्प्लांटला ती नसते. तो थेट हाडाला जोडलेला असतो. जेवायला काही अडचण येणार नाही, अगदी आक्रोडसुद्धा खा. पण तुम्ही म्हणता ते बारीक, ते तसं नाही जाणवणार."

"ती गादी परत घालता येते का?"

"नाही, काका. दाढ गेली तेव्हाच ती गेली."

भावोजींनी मान हलवली, बाईंचे आभार मानले, छातीवरचा चुरा हातात गोळा करून डब्यात टाकला. घरी येईपर्यंत मला सारखा तो खडा आठवत होता. घरी आल्यावर मी वरच्या खोलीत जाऊन रडले, हे ताईला अजून माहीत नाही.

पुढचे दहा दिवस वाईट गेले. संध्याकाळी ते एक बिस्किट चावायचे, मान हलवायचे आणि उठायचे. अकराव्या दिवशी साहेबांना द्यायची चिठ्ठी त्यांनी लिहून खिशात ठेवली: परीक्षेला बसत नाही. ताईने ती पाहिली, परत खिशात ठेवली आणि म्हणाली, "रविवार जाऊ दे. सोमवारी द्या."

त्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने स्वयंपाकघरातल्या फरश्या फोडायला काढल्या. सकाळपासून हातोड्याचे घाव, भांडी मांडणीवर थरथरतायत, बोललेलं ऐकू येईना. ताईने तिघांना कापूस दिला. कानात बोळे घालून, एकमेकांकडे खुणा करत, आम्ही चहाला बसलो. भावोजींनी सवयीने बिस्किट उचललं, उजवीकडे नेलं आणि चावलं.

आणि ते दचकले.

दुसरं चावलं. डोळे मोठे झाले. मग त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प राहायची खूण केली, वास्तविक बोलत कोणीच नव्हतं, आणि सगळा पुडा एकामागून एक चावून, चुरा बशीत टाकत संपवला. कापूस काढून ते म्हणाले, "अगं, आतून येतंय. डोक्यात येतंय सगळं. शेवटचं भट्टीच्या कडेचं होतं, जरा जास्त भाजलेलं." मी ते बिस्किट मोडून बघायला मागितलं, पण ते चावून झालं होतं. पुड्यात उरलेला त्याचाच एक तुकडा पाहिला. कड तांबूस होती.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. मध्ये गादी नाही ना, त्यामुळे आवाज हाडातून थेट कानापर्यंत जातो. बाहेरचा आवाज बंद केला की आतला जास्त ऐकू येत असेल." मग म्हणाल्या, "पण काकांना सांगा, बेताने." चिठ्ठी त्या दिवशी केरात गेली.

उरलेल्या दिवसांत आमचं घर म्हणजे परीक्षेचा वर्ग झाला. ताई बिस्किटं मुरवायची. काही किटलीच्या वाफेवर धरायची, काही खिडकीत उघडी ठेवायची, काही तव्यावर टाकून पुन्हा भाजायची. किती वेळाने बिस्किटाचं काय होतं ते एवढ्या वर्षांच्या कागदांमुळे मला पाठ होतं. मी बशांच्या तळाला पेन्सिलीने खुणा करायची, आणि संध्याकाळी पंखा बंद, रेडिओ बंद, कानात कापूस, अशा थाटात भावोजी बसायचे. आवाजाला जुने सात शब्द नव्याने चिकटवायचे होते. पहिल्या संध्याकाळी दहापैकी तीन. मग पाच. मग चार, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. सात. सहा. आठ. खात्री करून घ्यायला मीही प्रत्येक बशीतलं एक चावायची, त्यामुळे माझं वजन वाढलं ते वाढलंच. ताईला म्हटलं, "तूही चावून बघ की एखादं." तर म्हणाली, "मला नको बाई. मला आपलं बुडवूनच बरं वाटतं."

परीक्षेच्या दिवशी घरचं माणूस म्हणून साहेबांनी मला खोलीबाहेर बसवलं. खोलीला मोठी काच आहे. आतलं सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही. दहा पांढऱ्या बशा, समोर साहेब आणि बाहेरून आलेले दोन परीक्षक. भावोजींनी खिशातून कापूस काढला, दोन बोळे केले, कानात घातले. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने काही तरी विचारलं असावं, पण भावोजींना ते ऐकू आलं नाही. मग ते दोन्ही हातांनी कान दाबून, डोळे मिटून चावायला लागले. अभ्यास न केल्याबद्दल बोलणी खाणारं मूल जसं बसतं, तसं ते ध्यान दिसत होतं. दहा वेळा चावलं, दहा वेळा कान सोडून लिहिलं. सहाव्या बशीला मात्र दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

घंटा झाली ती त्यांना कळलीच नाही. साहेबांनी कागद ओढून घेतला तेव्हा ते थांबले. परीक्षकांनी कागद बशांशी ताडून पाहिला, बरोबरच्या खुणा केल्या, त्या मी काचेतून मोजल्या, साहेबांनी उभं राहून काही तरी जाहीर केलं, सगळे हसले, एकाने टाळी वाजवली. भावोजी कानात कापूस घालून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. हसतायत म्हणजे आपलं हसं झालं, असंच त्यांना वाटलं असणार, कारण चेहरा पडत चालला होता. शेवटी मी उठून काचेवर जोरात ठोठावलं आणि नऊ बोटं दाखवली. त्यांनी ती मोजली. मग कानातला कापूस काढला आणि तोच डोळ्यांना लावला.

चुकलं ते सहावं. वातड होतं, त्यांनी मऊ लिहिलं. याचं कारण ते पुढची दहा वर्षं सांगणार आहेत, आणि ती सगळी मला ऐकावी लागणार आहेत.

संध्याकाळी ताईने चहा केला. साहेबांनी दिलेला मोठा डबा मध्ये ठेवला होता. फरश्यांचं काम संपलेलं, खालून आवाज नाही, घर शांत. इतके दिवस नुसतं ऐकत राहिल्याने भावोजींचे कान इतके तयार झाले होते की माझ्या खोलीतलं घड्याळ त्यांना खालून ऐकू यायचं. ताईने बिस्किट उचललं आणि कपाकडे नेलं.

"आज एक तसंच खा," भावोजी म्हणाले. "न बुडवता. ताजं आहे, आमच्या खोलीतून पास झालेलं."

"मला असंच आवडतं."

"एकच."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. समोरच्या दातांनी तिने एक छोटा तुकडा तोडला. भावोजी मान कलती करून ऐकत होते. मुकादमांचं ऐकलं असेल तसं. कुरुम असा काही आवाज झालाच नाही. तोंडातल्या तोंडात तुकडा घोळवत, तो विरघळायची वाट बघत ती बसली होती.

"मागच्या दाढा कुठायत तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडच्या दोन नाहीत. डावीकडची एक."

"कधीपासून?"

"झाली आठ वर्षं. सरकारी दवाखान्यात काढल्या होत्या, तुम्ही तेव्हा कामावर होतात."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं की," ताई सहज म्हणाली, "चहाच्या वेळी. तुम्ही खिडकीपाशी होतात." आणि त्यांचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं, कारण घाईने पुढे म्हणाली, "जाऊ द्या हो. तुमची दाढ कामाची. माझ्या काय, घरच्याच."

आठ वर्षं मी त्याच टेबलाशी बसत होते. मी तरी कुठे ऐकलं होतं? बुडवते म्हणून तिची चेष्टा करण्यात मीच पुढे असायची. मला स्वतःची लाज वाटली.

भावोजींनी दुसऱ्या दिवशी परत मिळालेल्या खुर्चीवर पहिलाच दिवस असून सुट्टी टाकली. ताई "अहो, कशाला" म्हणत होती आणि चपला घालत होती. डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड तपासलं, फोटो काढले, आधी उजवीकडे इम्प्लांट करायचं ठरवलं. पंधरा दिवसांनी स्क्रू बसले. बाई म्हणाल्या, "काकू, आता तीन महिने काही कडक खायचं नाही." ताई हो म्हणायच्या आत भावोजी पुढे झाले. "चावायचंही नाही, असं लिहून द्या," म्हणाले. "खायचं नाही एवढ्याने भागत नाही. मला अनुभव आहे." मदतनीस पुन्हा आतल्या खोलीत गेली.

घरी आल्यावर मी चहा केला. ताईने बिस्किट उचललं, आणि मी सवयीने खिडकीकडे पाहिलं. भावोजी उठले नाहीत. त्यांनी डब्यातून एक बिस्किट घेतलं, जरा वेळ बोटांत धरलं आणि आपल्या कपात बुडवलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. किती वेळ धरायचं ते त्यांना कुठे माहीत? वर काढलं तर हातात अर्धंच होतं, बाकीचं तळाला गेलेलं.

"तीनपर्यंत मोजायचं असतं," ताई म्हणाली आणि चमच्याने त्यांच्या कपातला चिखल काढायला लागली. "पुन्हा घ्या. एक, दोन, हां, काढा आता."

त्यांनी काढलं. तोंडात टाकलं, डावीकडे, घरच्या बाजूला. आणि आमच्या भावोजींनी बिस्किट खाल्लं.